दानाची पावती

गोरेगावास स्टेशनच्या पश्चिमेकडे साठ-पासष्ट वर्षांपूर्वी ज्या तीन मजली इमारती उभ्या राहिल्या, त्या आता एकामागून एक पाडल्या जात असून त्यांच्या जागी वीस-वीस मजल्यांचे मनोरे उठत आहेत. आमच्या मातोश्रींचे बिऱ्हाड अशाच एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर होते. त्या निवर्तल्यावर दोन वर्षे घरास कुलूप राहिले. आणि इमारत रिकामी करून देण्याची नोटीस जेव्हा आली, तेव्हा पन्नास वर्षांचा संसार पंधरा दिवसांत कोठे न्यावयाचा, असा प्रश्न आम्हांपुढे उभा राहिला. तांब्याचा बंब, पितळेची चार मोठी पातेली, आठ लाकडी पाट, पाटा-वरवंटा, पायाने चालवावयाचे शिवणयंत्र, दोन होल्डॉल, बंद पडलेला रेडिओ, साड्यांनी भरलेले लोखंडी कपाट आणि दिवाळी अंकांचे गठ्ठे: यांपैकी एकही वस्तू आमच्या घरात मावण्यासारखी नव्हती, आणि एकही टाकून द्यावी असे मनास वाटत नव्हते.

ही अडचण अमेरिकेतील आमच्या भाच्याच्या कानावर गेली तेव्हा त्याने दूरध्वनीवरून तत्काळ उपाय सुचविला. "मामा, भंगारवाल्याला काही देऊ नका. इथे आम्ही सगळं संस्थेत नेऊन देतो, पावती घेतो आणि त्याची किंमत करातून वजा करून घेतो." सल्ला आम्हांस पटला, हे येथे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. इतका पटला की, त्याच रात्री आम्ही वही घेऊन बसलो, वस्तूंची यादी केली आणि प्रत्येकीपुढे अदमासे किंमत मांडली. दुसऱ्या दिवशी ती यादी आमचे विवरणपत्र भरून देणाऱ्या गृहस्थांपुढे ठेवली. त्यांनी ती नीट वाचली, आणि हसू आवरून ते म्हणाले, "सर, कायद्याला फक्त पैसा दिसतो. पातेलं दिसत नाही."

एकाच वस्तूकडे पाहण्याच्या दोन देशांच्या या दोन दृष्टी का व्हाव्यात, याचा शोध घेता घेता आम्ही ज्या जुन्या कागदांत, आणि कागदांच्याही पूर्वीच्या दगडांत व तांब्यांत जाऊन पोहोचलो, त्यांची हकीकत वाचकांपुढे मांडावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

नको असलेल्या वस्तूंचे दान करून पदरात काही पाडून घ्यावे, ही युक्ती मात्र नवी नाही. कठोपनिषदाच्या आरंभीच जी कथा येते ती याच युक्तीची होय. सर्वस्व दान करण्याचा यज्ञ मांडून वाजश्रवस ऋषींनी दक्षिणेस ज्या गाई काढल्या, त्या पाणी पिण्याची व गवत खाण्याची शक्ती संपलेल्या, दूध न देणाऱ्या आणि वासरू होण्याची आशा नसलेल्या होत्या. स्वर्गाचे पुण्य पुरते लिहून घ्यावयाचे आणि गोठाही मोकळा करून घ्यावयाचा, असा तो दुहेरी लाभ होता. पुत्र नचिकेता हे पाहून अस्वस्थ झाला आणि "मला कोणास देता?" असे त्याने विचारले; पुढचे सर्व ब्रह्मज्ञान या एका अडचणीच्या प्रश्नातून निघाले. पुढे धर्मशास्त्रकारांनी दानाचे जे नियम घातले, त्यांत देणारा, घेणारा, वस्तू, स्थळ व काळ या सर्वांची कसोटी ठरविली. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने तेराव्या शतकात आपल्या 'चतुर्वर्गचिंतामणी'चा एक संबंध खंड दानासच वाहिला. या शास्त्राचा एक मुद्दा आमच्या विषयास फार जवळचा आहे. वस्तू हातावेगळी केल्याने दान पुरे होत नाही. घेणाऱ्याने ती स्वीकारली पाहिजे, तिच्यावर त्याचे स्वामित्व उत्पन्न झाले पाहिजे. नुसते टाकणे म्हणजे त्याग झाला, दान नव्हे.

हे झाले पुण्याचे. आता कराकडे वळू. दान आणि करमाफी यांची सांगड आपल्या प्रांतात निदान अठराशे वर्षांची आहे, हे नाशिकच्या पांडवलेण्यांतील शिलालेख सांगतात. गौतमीपुत्र सातकर्णीने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात तेथील भिक्षूंस जे शेत दिले, त्याबरोबर सवलतीही दिल्या: राजाच्या अधिकाऱ्यांनी त्या शेतात शिरू नये, तेथील मीठ खणू नये, आणि इतर सर्व प्रकारच्या सुटी त्यास असाव्यात. याच लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचाही एक लेख आहे. त्याने तीन हजार कार्षापण विणकरांच्या श्रेणींकडे कायमचे ठेवले; त्यांपैकी दोन हजारांच्या व्याजातून वर्षाकाळी तेथे राहणाऱ्या वीस भिक्षूंस प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रांसाठी मिळावयाचे होते. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, भिक्षूंस वस्त्र हवे होते, तरी उषवदाताने आपल्या राणीवशातील जुने कपडे धाडले नाहीत. त्याने पैसे दिले, आणि तेही नुसते खर्चून न टाकता व्याजाने गुंतविले.

इतके दूर जाण्याचेही कारण नाही. गोरेगावच्या ईशान्येस, आरेच्या रानापलीकडे कान्हेरीची लेणी आहेत. शाळेच्या सहलीत आपण सर्वांनी ती पाहिली आहेत आणि तेथील माकडांखेरीज आपल्यास दुसरे काही आठवत नाही. तेथे नवव्या शतकातील, राष्ट्रकूट अमोघवर्षाचा मांडलिक शिलाहार पुल्लशक्ती याच्या वेळचा एक लेख आहे. त्यात देणगीची रक्कम खर्चाच्या बाबींप्रमाणे फोडून दिली आहे: वीस द्रम्म बुद्धाच्या पूजेसाठी, तीन डागडुजीसाठी, पाच भिक्षूंच्या वस्त्रांसाठी आणि एक पुस्तकांसाठी. (पुस्तकांच्या वाट्यास नेहमी शेवटचे नाणे येते, ही परंपरा आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आजतागायत चालू आहे.) ही पावतीच नव्हे काय? फरक इतकाच की, ती देणगीदाराच्या खिशात न राहता लेण्याच्या भिंतीवर, घेणाऱ्याच्या घरी राहिली आहे.

हा फरक वरवरचा नाही, हे भांडुपच्या ताम्रपटावरून अधिक स्पष्ट होईल. शके ९४८ मध्ये, म्हणजे इ. स. १०२६ मध्ये, शिलाहार राजा छित्तराज याने एका ब्राह्मणास एक शेत दिले. ते शेत ज्या प्रदेशात होते त्याचे नाव ताम्रपटात 'षट्षष्टि' असे आहे. सहासष्ट गावांचा तो टापू म्हणजेच आपली साष्टी, आणि आमचे गोरेगाव, जुन्या लोकांची पहाडी, या साष्टीतच येते. एकोणिसाव्या शतकात हा पट भांडुप येथे सापडला आणि ब्यूलर या जर्मन पंडिताने त्याचे संपादन केले. या काळच्या सर्व दानपत्रांची घडण सारखी असते. शेताच्या चारी सीमा सांगावयाच्या. ते करांतून मोकळे आहे, राजपुरुषांनी त्यात शिरू नये, असे बजावावयाचे. आणि जो कोणी हे दान हिरावून घेईल त्यास नरकाचे भय घालावयाचे. ताम्रपट वाचता न येणाऱ्यांच्या सोयीसाठी शिलाहारांनी कोकणात जागोजागी गधेगाळ म्हणून दगडही रोविले. त्यांवर कोरलेल्या शापाचे चित्र कुटुंबात वाचल्या जाणाऱ्या मासिकात वर्णन करण्याजोगे नाही. परंतु आजच्या कोणत्याही कर-कायद्यातील दंडाच्या कलमापेक्षा ते अधिक परिणामकारक असले पाहिजे, यात शंका नाही.

आता या व्यवहारात करमाफी कोणास मिळाली, ते पाहावे. छित्तराजास ती मिळण्याचा प्रश्नच नव्हता, कारण कर घेणारा तोच होता. परंतु राजाखेरीज इतरांनी, सामंतांनी वा व्यापाऱ्यांनी दिलेल्या जमिनींच्या दानांसही राजाची संमती घेऊन जी माफी जोडली जाई, तीदेखील जमिनीस, म्हणजे घेणाऱ्यास असे. दात्याच्या वाट्यास पुण्य येई आणि याचकाच्या वाट्यास सूट. पेशवाईतील इनामे, देवस्थानांच्या जमिनी, अग्रहार, सर्वांचा हाच दंडक होता. इंग्रजी अमलात १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनने जेव्हा महाराष्ट्रभर सनदा तपासावयास घेतल्या, तेव्हा घाबरेघुबरे होऊन जुनी दप्तरे कोण उलगडू लागले? दात्यांचे वंशज नव्हेत, घेणाऱ्यांचे. ज्यांची सनद वाळवीने खाल्ली होती त्यांची माफी गेली. पावती जपून ठेवण्याचे ओझे तोपर्यंत घेणाऱ्याच्या डोक्यावर होते.

आयकर हिंदुस्थानात प्रथम १८६० साली जेम्स विल्सन याने आणला. सत्तावनच्या बंडाने रिकामी केलेली तिजोरी भरावयाची होती. पाच वर्षांनी तो उठला, पुन्हा निरनिराळ्या रूपांनी आला, आणि १८८६ च्या कायद्याने कायमचा झाला. या १८८६ च्या कायद्यातही धर्मादाय कामास लावलेल्या मालमत्तेच्या उत्पन्नास सूट होती. १९२२ च्या कायद्यानेही ती चालू ठेविली. अर्थात तोवर जुनाच न्याय चालू होता: सूट संस्थेस, घेणाऱ्यास. देणारा आपल्या करभरल्या पैशांतून देई आणि त्याबद्दल सरकारकडे काही मागत नसे.

हे पारडे फिरले ते स्वातंत्र्यानंतर, १९४८ साली. त्या वर्षी १९२२ च्या कायद्यात १५-ब हे कलम घातले गेले, आणि मान्यताप्राप्त धर्मादाय संस्थेस दिलेल्या देणगीबद्दल देणाऱ्यास करात सवलत मिळू लागली. १९६१ च्या कायद्यात हेच कलम ८८ झाले आणि १९६८ पासून ते ८०-जी या नावाने घरोघर ओळखीचे झाले. वाचकांपैकी बहुतेकांच्या टेबलाच्या खणात त्या नावाची एखादी तरी पावती असेल. नऊशे-हजार वर्षे जी सूट घेणाऱ्याच्या बाजूस होती तिचा एक वाटा देणाऱ्याच्या बाजूस आला, ही आमच्या मते आपल्या धर्मादायाच्या इतिहासातील फार मोठी घटना असून तिची इतिहासकारांनी द्यावी तितकी दखल घेतलेली नाही. कारण सूट बाजू बदलते तेव्हा प्रश्नही बदलतो. 'घेणाऱ्याची योग्यता काय?' हा हेमाद्रीचा प्रश्न मागे पडतो आणि 'दिले त्याची किंमत काय?' हा प्रश्न पुढे येतो.

आणि किमतीच्या प्रश्नापाशीच आमची पातेली अडली. कायद्यात आरंभापासून शब्द होता तो 'दिलेल्या रकमा' असा. रक्कम म्हणजे नाणेच, की नाण्याच्या किमतीची वस्तूही? यावर उच्च न्यायालयांत एकमत नव्हते. अखेर कायदेमंडळानेच १ एप्रिल १९७६ पासून एक स्पष्टीकरण जोडले, की देणगी पैशाच्या रकमेची असेल तरच वजावट मिळेल. तरीही त्याआधीच्या वर्षांचा वाद उरलाच होता. तो श्री रामवर्मा विरुद्ध आयकर आयुक्त या केरळातील खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. तेथे दान भांड्याकुंड्यांचे नव्हते, कंपनीच्या भागांचे, म्हणजे शेअरांचे होते. ज्यांची किंमत रोजच्या वृत्तपत्रात छापून येते अशा वस्तूचे. तरीही १९९० साली न्यायालयाने निकाल दिला, की भाग म्हणजे रक्कम नव्हे. जेथे शेअर हरले तेथे आमच्या बंबाची काय कथा?

पुढे पैशावरही बंधने वाढत गेली. दोन हजार रुपयांवरील रोख देणगीस २०१७ पासून वजावट नाही. धनादेश किंवा तत्सम मार्गच हवा. कोणी किती दिले हे संस्थेने सरकारास परस्पर कळवावे, अशी व्यवस्था २०२१-२२ पासून झाली. नव्या करपद्धतीत, जी २०२३-२४ पासून आपोआप लागू होते, ही वजावट मुळीच नाही. ती हवी असल्यास जुनी पद्धत आग्रहाने निवडावी लागते. २०२५ साली संसदेने जो नवा आयकर कायदा संमत केला त्यात देणगीचे कलम आकडा बदलून कायम राहिले; परंतु मध्यमवर्गीय पगारदारापुरते पाहिले तर दात्याकडे आलेले हे पारडे पाऊणशे वर्षांत बरेचसे हलके झाले आहे.

अमेरिकेत गोष्ट निराळी घडली. पहिल्या महायुद्धात तेथे आयकराचे दर एकाएकी चढले, तेव्हा धनिक लोक महाविद्यालयांस व रुग्णालयांस देणग्या देईनासे होतील, अशी भीती उत्पन्न झाली. म्हणून १९१७ च्या युद्धकर-कायद्यात न्यू हॅम्पशरचे सिनेटर हॉलिस यांनी सुचविलेली सूट घातली गेली: उत्पन्नाच्या शेकडा पंधरापर्यंत देणगी वजा करावी. या सवलतीत नाणे आणि वस्तू असा भेद पडला नाही. त्याआधीच, १९०२ च्या सुमारास, बॉस्टन येथे एडगर हेल्म्स नावाच्या मेथडिस्ट धर्मोपदेशकाने श्रीमंतांच्या घरून जुने कपडे व सामान गोळा करून, ते गरिबांकडून दुरुस्त करवून विकावे आणि त्यातून त्यांस मजुरी द्यावी, असा उद्योग आरंभिला होता. तोच पुढे 'गुडविल' या नावाने देशभर पसरला. हेल्म्सचा हेतू थोर होता: वस्तू व माणूस दोन्ही पुन्हा कामास यावीत. परंतु पुढे एका बाजूस ही दुकाने आणि दुसऱ्या बाजूस ती वजावट, या दोहोंच्या मध्ये जे वाढले ते निराळेच. दर वर्षी डिसेंबराच्या अखेरीस मोटारी भरभरून सामान या दुकानांच्या दारी येऊ लागले. त्याची किंमत कोणी ठरवावयाची? देणाऱ्यानेच. संस्थेने पावती द्यावयाची, किंमत लिहावयाची नाही. मुक्तिफौजेसारख्या संस्थांनी सदरा काय भावाचा, खुर्ची काय भावाची, यांचे तक्ते प्रसिद्ध केले. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले बिल क्लिंटन यांच्या १९८० च्या दशकातील एका विवरणपत्रात दान दिलेल्या वापरलेल्या अंतर्वस्त्रांची किंमत दर नगास दोन डॉलर लावलेली निघाली, आणि वृत्तपत्रांना कित्येक दिवसांची करमणूक झाली.

खरा घोटाळा मोटारींचा होता. न चालणारी गाडी संस्थेस द्यावयाची, पुस्तकात छापलेली चांगल्या गाडीची किंमत वजा करावयाची, आणि संस्थेच्या हाती मात्र लिलावात आलेले किडूकमिडूक पडावयाचे, असा प्रकार इतका माजला की, २००४ साली कायदा करून वजावट बहुधा प्रत्यक्ष विक्रीच्या किमतीइतकीच राहील असे ठरवावे लागले. पाठोपाठ २००६ साली आणखी एक अट आली: कपडे व घरगुती सामान निदान 'चांगल्या वापरलेल्या स्थितीत' असल्याखेरीज वजावट नाही. वाजश्रवसाच्या गाईंविरुद्ध कायदा व्हावयास अमेरिकेस नव्वद वर्षे लागली, असे म्हणावयास हरकत नाही. त्यात २०१८ पासून तेथे सरसकट मिळणारी ठोक सूट जवळजवळ दुप्पट झाल्यामुळे दहांतील नऊ करदाते एकेका खर्चाचा हिशेब देतच नाहीत, आणि ज्यास हिशेब द्यावयाचा नाही त्यास जुन्या सामानाची पावती असून नसून सारखीच. अशा लोकांस २०२६ पासून देणगीची जी लहानशी वजावट देऊ केली आहे, तीही केवळ पैशाच्या देणगीस. आमच्या भाच्यास हे आम्ही कळविले तेव्हा तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, की पावत्या तो सवयीने घेतो.

इंग्रजांनी मधला मार्ग काढला, तो त्यांच्या स्वभावास शोभेसाच आहे. ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटवर १९४७ च्या अखेरीस ऑक्सफॅम या संस्थेने आपले दुकान थाटले. जुन्या वस्तूंच्या धर्मादाय दुकानांचे ते देशभर उदाहरण झाले. १९९० साली तेथे देणग्यांच्या करसवलतीची जी योजना निघाली ती पैशापुरतीच होती. मग दुकानांनी युक्ती केली. जुना कोट संस्थेच्या मालकीचा होतच नाही. दुकान तो मालकाच्या वतीने विकते, आलेले पैसे त्याचे म्हणून त्यास कळविते, आणि ते पैसे तो देणगी देतो. अशा रीतीने कोटाची किंमत कल्पनेने न ठरता गिऱ्हाइकाच्या खिशाने ठरते. शिवाय त्या योजनेत मूळ दराने भरलेला कर सरकारकडून परत मिळतो तो देणाऱ्यास नव्हे, संस्थेस. छित्तराजास हा न्याय ओळखीचा वाटला असता.

आमच्याकडे असे दुकान नव्हते. पण कोटाची किंमत ठरविणारी व्यक्ती होती, आणि ती दुपारी जेवणे आटोपल्यावर डोक्यावर टोपले घेऊन दारी येत असे. बोहारणीचा इतिहास कोणी लिहिलेला नाही. वाघरी समाजाच्या या स्त्रिया मुळच्या गुजरातेकडील. जुने कपडे घ्यावयाचे आणि नवे भांडे द्यावयाचे, हा त्यांचा व्यापार. मुंबईत व उपनगरांत पिढ्यान्‌पिढ्या मध्यमवर्गीय स्वयंपाकघरे त्यांनी भरली. पूर्वी पितळ, मग जर्मन, मग स्टील, मग प्लास्टिकच्या बादल्या: घरातील धातूंचा सबंध इतिहास त्यांच्या टोपल्यात वाचावा. आमच्या मातोश्री एका डब्यासाठी दीड-दीड तास घासाघीस करीत. तीन पँट आणि एक जरीची साडी यांस झाकणाचे पातेले, की नुसते पातेले? हा वाद बहुधा झाकणावर येऊन तुटे. या व्यवहारात दान नव्हते, पुण्य नव्हते, पावती नव्हती. परंतु घेणारी व्यक्ती वस्तू हातात घेऊन, उजेडाकडे धरून, विरलेली जागा बोटाने दाखवून ती पारखीत असे, आणि नको ते परत करीत असे. आयकर-अधिकाऱ्यास जे जमले नाही ते तिला जमत होते, कारण नुकसान झालेच तर ते तिचे होणार होते.

देणाऱ्याने केवळ आपल्या सोयीने दिले म्हणजे काय होते, हे २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर दिसले. देशभरातून गेलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग तेथे निरुपयोगी पडून राहिले. अंशू गुप्ता यांनी १९९९ साली दिल्लीत स्थापिलेल्या 'गूंज' या संस्थेने त्यांतील पुष्कळसे उचलून कामास लावले. जुन्या वस्तू भीक म्हणून वाटावयाच्या नाहीत. गावकऱ्यांनी विहीर, रस्ता असे गावाचेच काम करावे आणि त्याचा मोबदला म्हणून कपडे घ्यावेत, ही त्या संस्थेची रीत आहे. गुप्तांस २०१५ साली मॅगसेसे पारितोषिक मिळाले. बोहारणीच्या टोपल्यातील तत्त्व त्यांच्याकडे फार वेगळे आहे, असे आम्हांस वाटत नाही.

कायद्याने पातेल्याकडे पाहू नये, हे योग्य की अयोग्य? आरंभी आम्ही चिडलो होतो. यादी करावयास एक रात्र मोडली होती. आता तीच यादी काढून पाहतो तेव्हा कायद्याचा फारसा राग येत नाही. बंबापुढे आम्ही जो आकडा लिहिला होता तो तांब्याच्या भावाने नव्हे, लहानपणीच्या पहाटेच्या धुराच्या वासाने ठरविला होता. दिवाळी अंकांपुढील आकडा तर निव्वळ अहंकाराचा होता; त्यांपैकी दोहोंत आमचे लेख आहेत. आणि एका ओळीपुढील जागा कोरीच राहिली होती. ती ओळ लाटण्याची. १९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते आदींनी महागाईविरुद्ध स्त्रियांची जी संयुक्त समिती उभारली, तिच्या मोर्चांस गोरेगावच्या बायका ताटे-लाटणी घेऊन गेल्या. मातोश्री त्यांत होत्या, आणि त्या दिवसापासून ते लाटणे पोळपाटावर पुन्हा आले नाही. ते कपाटात साड्यांच्या मागे उभे असे. अमेरिकेच्या तक्त्यात लाटण्याचा भाव असेलच. आम्ही तो पाहिला नाही.

मग पंधरा दिवसांत सामान गेले ते असे. पितळेची पातेली मोडीच्या भावाने गेली, आणि मोडीची रक्कम आम्ही एका संस्थेस धनादेशाने दिली. तिची पावती मात्र रीतसर मिळाली. साड्यांपैकी चार नात्यातील मुलींनी नेल्या, उरलेल्या बोहारणीने; तिने सोळा साड्यांस दोन डबे दिले आणि आमच्या घासाघिशीच्या अज्ञानाबद्दल मनातून आमचे आभार मानले असावेत. पाट कोणासही नको होते. दिवाळी अंक आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाने जागेअभावी नाकारले, ते आम्ही घरी आणले, आणि त्यावरून घरात जे बोलणे झाले त्याचा वृत्तांत देण्याचे कारण नाही.

राहिले शिवणयंत्र. मातोश्रींकडे अखेरची अनेक वर्षे काम करीत असलेल्या बाई पूर्वेकडे संतोषनगरात राहतात. त्यांची सून शिवणकाम शिकते, हे आम्हांस ठाऊक होते. आम्ही मोठ्या उदारपणे म्हणालो, "ताई, मशीन तुम्ही न्या." त्यांनी यंत्राभोवती एक फेरी घातली, पायट्याचा पट्टा ओढून पाहिला, चाक फिरविले, आणि म्हणाल्या, "सर, एवढं टेबल आमच्या खोलीत कुठं मावणार? वरची मशीन तेवढी काढून द्या. खाली मोटर लावून घेऊ." लोखंडी पाय आणि लाकडी फळी नको. आम्ही स्क्रू काढून यंत्र मोकळे केले. ते त्यांनी जुन्या चादरीत बांधले. मग कनवटीची पिशवी सोडून त्यांनी अकरा रुपये आमच्या हातावर ठेवले. आम्ही संकोचून हात मागे घेतला, तेव्हा त्या जरा रागावल्यासारख्या झाल्या. "सुईची वस्तू फुकट घेत नाहीत. आजींनी पण मला कात्री दिली तेव्हा रुपया घेतला होता."

आम्ही ते पैसे घेतले. खालचा सांगाडा दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याने किलोच्या भावाने नेला.